मुलगी शेतकऱ्याला द्याल का?

३ फेब्रुवारी

सकाळी सहालाच मार्केट यार्ड. माल उतरवून शेतकरी चहाला थांबतात, तेव्हा जरा निवांत बोलतात. माझ्या पीएच.डी.च्या सर्वेक्षणाचे सात फॉर्म भरून झाले. प्रश्न नववा — मुलगी शेतकऱ्याला द्याल का? सातही बापांचं उत्तर, नाही! त्यातल्या हिंमतरावांचा स्वतःचा मुलगा शेती करतो, तिशी उलटली तरी लग्नाचा राहिलाय. म्हटलं, मग त्याला कोण देणार? "देईल की कुणीतरी. आमची तेवढी नोकरीवाल्याला."

धन्य आहे.

९ फेब्रुवारी

माझा भाऊ केदारदादा गावाहून शेतातली अंजिरं घेऊन यार्डात आला होता. नम्रता, माझी रूममेट, फॉर्म भरायला मदतीला आलेली. दादाने तिला पिकलेलं अंजीर कसं ओळखायचं ते दाखवलं. दोघं तासभर बोलत होती. एरवी हा माणूस माझ्याशी तीन वाक्यं बोलतो!

परवाच त्याचं अकरावं स्थळ फिरलं. "फक्त शेतीच करतो का?" एवढं विचारून गेली मंडळी. भयंकर राग येतो मला या लोकांचा.

१७ फेब्रुवारी

साठ फॉर्म. नाही, नाही, नाही. माझे गाइड सर म्हणाले, "संशोधकाने चिडायचं नसतं, मोजायचं असतं." बरं.

२२ फेब्रुवारी

दुपारी नम्रताने विचारलं, "तुझ्या दादाशी लग्न केलं तर कसं होईल गं?"

मी तिला मिठीच मारायला हवी होती. मी काय केलं? चार दिवसांनी येणारं पाणी, उन्हाळ्यातला टँकर, पहाटेची तोडणी, आईचे गुडघे, तुझ्या नोकरीचं काय — सगळी यादी वाचली! वर "नीट विचार कर" म्हणाले.

एकही शब्द खोटा नव्हता. तरी त्या पहिल्या सात बापांच्या शेजारी मी आठवी जाऊन बसले. लाज वाटतेय.

२६ फेब्रुवारी

नम्रता विषय काढत नाही. मीही नाही.

१ मार्च

दादाचा फोन. नम्रताने त्याला लग्नाचं सरळच विचारलं होतं — माझं सगळं ऐकूनही! "मी नको म्हटलं तिला. तू सांगितलंस ते खरंच हाय. तिला म्हटलं, आमची उल्का खोटं कशाला बोलंल?"

अकरा ठिकाणांहून त्याला नकार आला. बारावा त्याने स्वतः दिला, माझ्यामुळे.

ठेवताना म्हणाला, "उद्या अंजिरं पाठवतो. तिलाबी दे."