मामांना कामगार करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. सहायक कामगार अधिकारी,
कामगार नोंदणी व सुरक्षा कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : मालकाच्या मामांचे नाव कुटुंबीयांतून वगळून कामगारांच्या यादीत घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराने ऑनलाइन भरलेला कामगार नोंदणी नमुना.
२) आपल्या कार्यालयाचे उत्तर : "नाते रद्द करावयाचे असल्यास पुरावा जोडावा."

महोदय,

अर्जदाराचा पुठ्ठ्याची खोकी तयार करण्याचा लहानसा कारखाना आहे. नवा कामगार कायदा लागू झाल्यावर प्रत्येक मालकाने कामगारांची यादी भरावी, प्रत्येकास नियुक्तिपत्र द्यावे आणि चाळिशी ओलांडलेल्यांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करून घ्यावी, असा आदेश आला. अर्जदाराने तो दोनदा वाचला. पहिल्यांदा काय करायचे आहे ते समजण्यासाठी, दुसऱ्यांदा काय टाळता येईल ते पाहण्यासाठी. दुसऱ्या वाचनात जास्त उजेड पडला.

२. कामगार दहा झाले की सुरक्षा समिती नेमून दरमहा बैठक घ्यावी, असे त्यात आहे. कारखान्यात कामगार नेमके दहा. त्याच पानाच्या तळाशी असेही आहे की मालकाचे कुटुंबीय कामगार गणले जाणार नाहीत. अर्जदारास बैठकांचा मनापासून कंटाळा आहे. घरी त्या रोज होतात.

३. चोवीस वर्षे पंचिंगचे मशीन चालवणाऱ्या गृहस्थांना सारा कारखाना 'मामा' म्हणतो. टेम्पोवाला म्हणतो, चहावाला म्हणतो, अर्जदारही म्हणतो. नमुन्यात 'मालकाशी नाते' असा रकाना होता. अर्जदाराने त्यात 'मामा' असे टंकले. संगणकाने हिरवी खूण केली आणि कामगार नऊ झाले. आपण खोटे लिहिले असे अर्जदारास त्या वेळी वाटले नाही. डोके चालवले असे वाटले.

४. गेल्या महिन्यात डॉक्टरांची गाडी कारखान्याच्या दारात आली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत पहिले. त्यांना तपासणीची खरोखर गरज आहे. गेले वर्षभर त्यांना ऐकू कमी येते. "पुठ्ठा आला का?" म्हणून विचारले तर "जेवलो" म्हणतात. मशीन दाब देण्याआधी घंटा वाजवते आणि घंटेला हात मागे घ्यायचा असतो. तपासणीच्या आठवडाभर आधी घंटा वाजली, हात मागे आला नाही. शेजारी चिकटवणीचे काम करणाऱ्या बाईंनी मनगट धरून ओढला, म्हणून आज हात आहे.

डॉक्टरांच्या यादीत मामांचे नाव नव्हते. "तुम्ही मालकांचे मामा. घरच्यांची तपासणी नसते," असे त्यांना दोनदा ओरडून सांगावे लागले. मामा हसले आणि अर्जदारास म्हणाले, "शेठ, कॉम्प्युटर चुकला वाटतं. तुम्ही नका मनाला लावून घेऊ." त्यावर अर्जदाराने हो म्हणून मान हलवली. महोदय, अर्जदाराने मान हलवली, हे कृपया नोंदीवर घ्यावे.

५. अर्जदाराने खासगी डॉक्टरांकडे नेण्याची तयारी दाखवली. मामा म्हणाले, "कान मशीनवर गेलाय, तुमच्या घरी नाही गेला. मी यादीतनंच जाणार." मशीनवरून उठण्याची विनंती केली तर, "डॉक्टरनं लिहून दिलं की उठतो." हुकूम सोडण्याइतके तोंड अर्जदारास उरलेले नाही. सबब सध्या अर्जदार दिवसभर मशीनशेजारी उभा राहून प्रत्येक घंटेला मामांच्या खांद्यावर हात ठेवतो. दिवसाकाठी सुमारे अकराशे वेळा. बाईंचे म्हणणे असे की, मामा-भाच्याचं इतकं प्रेम सख्ख्यांतसुद्धा बघितलं नाही.

६. दुरुस्तीसाठी अर्जदार आपल्या कार्यालयात आला असता लिपिक महोदयांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा मागितला. मामांशी घटस्फोट कसा घ्यावा, असे विचारता, "नाते संपल्याचे कारण या रकान्यात दोनच पर्याय आहेत, तुम्ही निवडा," असे उत्तर मिळाले. मग त्यांनी चष्मा लावून सगळी फाइल वाचली आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही मामांना मामा बनवलंत. वर आम्हालाही." यावर अर्जदाराने पाणी मागितले.

त्यानंतर त्यांनी दोन कागद आणण्यास सांगितले. आपणांस भाऊ नाही, असे अर्जदाराच्या मातोश्रींचे प्रतिज्ञापत्र, आणि नाते नसल्याचे मामांचे स्वहस्ते निवेदन. मातोश्री (वय ८१) म्हणाल्या, "बैठक चुकवायला मला भाऊ दिलास, आता अंगाशी आलं म्हणून काढून घेतोस? आधी त्याला जाऊन सांग काय केलंस ते. मग माझी सही माग."

७. कबुली हळू आवाजात द्यावी, अशी अर्जदाराची इच्छा होती. मामांच्या कानामुळे ती सोय राहिली नाही. मशीन बंद करून, सगळ्यांच्या देखत, "बैठक टळावी म्हणून यादीत तुमचं नाव मीच घातलं नाही" हे वाक्य अर्जदाराने तीनदा ओरडून सांगितले. तिसऱ्यांदा ते पोहोचले. बाईंचा ब्रश हवेतच राहिला.

मामांनी एवढेच विचारले, "ती बैठक किती वेळ चालते?"

"अर्धा तास."

"रोज?"

"महिन्यातून एकदा."

मामांनी हात पुसले, कागद मागितला आणि उभ्याउभ्याच मागितलेले निवेदन लिहून दिले. परत मशीनवर बसताना त्यांनी अर्जदारास 'शेठ' म्हटले नाही, 'साहेब' म्हटले.

८. तरी विनंती की, दुरुस्तीची मुदत तीस तारखेस संपण्यापूर्वी मामांची नोंद 'पंचिंग मशीन चालक, सेवा चोवीस वर्षे' अशी करावी आणि राहिलेल्या कामगारांच्या येत्या गुरुवारच्या तपासणीत त्यांचे नाव घ्यावे. कामगार दहा धरावेत. समिती नेमली आहे. खोट्या माहितीबद्दल जी कारवाई असेल ती अर्जदारावर करावी. सुनावणी नको, अर्जदारास काही म्हणायचे नाही. अर्ज नामंजूर झाला तर घंटेला खांद्यावर हात ठेवण्याचे काम अर्जदार चालू ठेवील, परंतु माणसाचे लक्ष एखाद्या वेळी उडते, महोदय, आणि मशीनचे उडत नाही.

आपला नम्र व चुकलेला,
(सही)
मालक, पुठ्ठा खोके कारखाना
दिनांक : चालू महिन्याची २६

सोबत :
१) चुकीच्या नमुन्याची प्रत.
२) भाऊ नसल्याबाबत मातोश्रींचे प्रतिज्ञापत्र.
३) मामांचे स्वहस्ते निवेदन, एक ओळ : "हे मालक माझे कोणीही लागत नाहीत." (मूळ प्रत. झेरॉक्सवाल्याच्या हातात देववली नाही.)