ती ओ माझी होती

आबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. तुम्ही होता तोवर आपण नळाच्या पाण्यावर बोललो, तुमच्या गोळ्यांवर बोललो, शेजारच्यांच्या भिंतीवर बोललो. त्या गाण्यावर मात्र एकदाच बोललो, तेही चहा गार होईपर्यंतच. म्हणून आज शाळेच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून लिहायला बसले आहे. बोलताना मी अजूनही आपल्याकडच्या बायकांसारखी 'मी आलो', 'मी गेलो' म्हणते, पण लिहायला बसलं की इतकी वर्षं मराठी शिकवल्याची सवय हाताला सोडत नाही. तेव्हा ही भाषा तुम्हाला जरा परकी वाटेल, ती चालवून घ्या.

मंगळवार पेठेतलं आपलं स्वयंपाकघर मला आजही दिसतं. आई परातीत भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर मांडी घालून पेटीचा भाता हलवताय आणि मी दाराला टेकून उभी आहे. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत तुमची हयात गेली, पण गाव तुम्हाला ओळखायचं ते गाण्यांमुळे. शब्द तुमचे, चालही तुमचीच. नवी ओळ सुचली की ती आधी आईला ऐकवायची. थापता थापता तिचा हात थांबला तर ओळ पक्की, हात चालूच राहिला तर तुम्ही कागद चुरगळून चुलीकडे टाकायचा. आईला गाण्यातलं काही कळत नव्हतं असं ती स्वतःच म्हणायची. तुम्ही मात्र तिच्या हाताकडे बघत बसायचा. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला पहिल्यांदा माईकसमोर उभं केलंत. मी घाबरून गाताना जास्तच हरकती-मुरक्या घेतल्या. खाली उतरल्यावर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "पोरी, शब्द गिळू नगंस. लोक शब्दासाठी आल्यात, तुझ्या गळ्यासाठी न्हाईत." मी ते इतकं मनावर घेतलं की पुढची बावीस वर्षं स्वतःचा गळा बाजूला ठेवून तुमचे शब्द लोकांपर्यंत पोचवत राहिले. लोक मला 'आबांचा आवाज' म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता. माझं लग्न झालं, शाळेत नोकरी लागली, मुलगी झाली, तरी गुरुवार-रविवारची तालीम मी कधी चुकवली नाही.

मग आई गेली. सहा महिने अंथरुणाला खिळून गेली. तेराव्यानंतर तुम्ही महिनाभर पेटी उघडली नाही, आणि उघडलीत तेव्हा ते गाणं तयारच होतं. 'तवा अजून गरम आहे, तू कुठं गं गेली, हाक मारली परसातून, ओ कुणी न दिली.' राजारामपुरीतल्या त्या वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत आपण ते रेकॉर्ड केलं. पेटीवर तुम्ही, तबल्यावर चाचा. चाचा तुमच्याबरोबर माझ्या जन्माच्या आधीपासूनचे, ईदला त्यांच्या घरून शिरखुर्म्याचा डबा यायचा आणि आई तोच डबा करंज्या भरून परत पाठवायची. त्या दिवशी दोन वेळा गाणं नीट झालं. तिसऱ्या वेळेला 'ओ' या अक्षरावर माझा आवाज फाटला. परसात उभी राहून हाक मारतेय आणि आतून उत्तर येत नाही, हे मला एकदम खरंच दिसलं. 'ओ' पुरी झालीच नाही, मधेच हुंदका आला, श्वास अडकला, आणि मी माईकसमोर तोंड झाकून रडले. चाचांनी तबल्यावरचे हात उचलले. मी सावरले तेव्हा पहिली गोष्ट हीच म्हणाले, "आबा, हे पुसून टाका. कुणाला ऐकवू नका." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "पुसतो की. कुणाला ऐकवायचं हाय ते?" हे तुमचे शब्द, आबा. मी एकही अक्षर बदललेलं नाही.

त्यानंतर तुम्ही पुण्याला जायला लागलात. दर पंधरा दिवसांनी सकाळची एसटी, खांद्याला शबनम, त्यात टेपची रिळं. तिथे एका बाईंचा स्टुडिओ आहे, कॉम्प्युटरवर आवाज कापता येतो, जोडता येतो, ताणता येतो, हे तुम्ही लहान मुलासारखे सांगायचा. बासष्टाव्या वर्षी तुम्हाला काही नवं करावंसं वाटतंय, याचा मला आनंदच होता. मी तुम्हाला प्रवासासाठी दशम्या बांधून द्यायचे. काय करताय असं विचारलं तर म्हणायचा, "झाल्यावर ऐक." मी तुमच्यावर विश्वास ठेवला. एवढंच माझं चुकलं.

कॅसेट आली त्या संध्याकाळी तुम्ही हॉल घेतला होता. स्टेजवर माणूस नाही, सतरंजी नाही, पेटी नाही. फक्त दोन मोठे स्पीकर आणि मधे हार ठेवलेलं टेबल. लोक नेहमीसारखे आले. हुपरीहून ते चांदीचे कारागीर आले होते, जे माझ्या पहिल्या कार्यक्रमाला स्वतः घडवलेले पैंजण घेऊन आले होते आणि नंतर तुमचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नव्हता. मागे कॉलेजच्या पोरी होत्या. मी पहिल्या रांगेत, शेजारी चाचा. दिवे मंद झाले आणि स्पीकरमधून एक खोल घुमणारा आवाज सुरू झाला, साखर कारखान्याच्या जवळून जाताना रस्त्यावर जाणवतो तसा. त्यावर यंत्राचे ठोके. मग कुणाचा तरी श्वास आत ओढल्याचा आवाज, आणि फाटलेली 'ओ'. परत श्वास, परत 'ओ'. तिसऱ्यांदा. ती मी आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. तोवर हॉलमधल्या माणसांना कळलं होतं, कारण माना माझ्याकडे वळत होत्या. आठ वेळा, आबा. मी मोजलं. तुम्ही माझा हुंदका ठेक्यावर बसवला होता. तुमचे शब्द, ज्यांच्यासाठी मी गळा गिळला होता, ते त्या गाण्यात फक्त दोन ओळींपुरते उरले होते.

संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही आणि कुणी उठलंही नाही. मग ते हुपरीचे कारागीर उभे राहिले. "आबा, सगळं ऐकलं बगा. पर गाणं कुठं हाय त्यात?" मागून एक पोरगी ओरडली, "परत लावा!" लगेच आणखी दोघी-तिघी, "परत लावा की!" समोरचे एक निवृत्त मास्तर वळून त्यांच्यावरच खेकसले, "अगं, बाई रडतीया तितं, तुमाला परत काय पायजे?" अर्धा हॉल रागानं बाहेर पडला, अर्धा बसून राहिला, आणि तुम्ही खरोखरच परत लावलंत. मी उठून गेले. चाचा माझ्यामागे आले नाहीत. मला वाटलं होतं, ज्यांचा तबला यंत्रानं काढून घेतला ते तरी माझ्या बाजूनं असतील. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते उन्हात बसून बोटांना तेल लावत होते. म्हणाले, "बेटा, माज्या हाताला थरथर हाय आता. आबांनी मला विचारलंतं, चाचा, मशीन वापरू का? मीच म्हटलं, वापरा की. आणि खरं सांगू का, चांगलं झालंय ते." चाचांना तुम्ही विचारलं होतंत. तबल्यासाठी परवानगी घेतली होतीत. हुंदक्यासाठी नाही.

पुढचे दोन महिने गावात हेच चाललं होतं. गंगावेशीत दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधाचे ग्लास हातात धरून माणसं भांडायची, आबा म्हातारपणी बिघडला का सुधारला. एका लग्नात बँडवाल्यांनी ते गाणं वाजवायचा प्रयत्न केला म्हणे, आणि वधूच्या मामानं त्यांना मांडवाबाहेर काढलं. शाळेच्या व्हरांड्यातून मी चालले की आठवीच्या वर्गातून कुणीतरी हळूच 'ओ… ओ…' करायचं आणि सगळा वर्ग खिदळायचा. मी वर्गात शिरून 'पुस्तकं काढा' म्हणायचे आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे. घरी पत्रं यायची. शिव्यांची पत्रं तुम्ही चहा पिताना मोठ्यानं वाचायचा आणि हसायचा. एक पत्र मात्र तुम्ही वाचून दाखवलं नाहीत, माझ्यासमोर सरकवलंत. आजऱ्याच्या एका बाईचं होतं. तिची तरुण लेक तीन वर्षांपूर्वी गेली होती आणि तेव्हापासून तिला रडू आलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं, 'गाण्यात कुणी ओ देत नाही म्हणता, पण मला माझ्या लेकीनं आठदा ओ दिली असं वाटलं.' मी पत्र घडी करून परत दिलं. तुम्ही म्हणालात, "आता तरी कळलं का?"

तेव्हा मी बोलले. म्हणाले, "तिचं रडणं तिच्यापाशी हाय, आबा. माजं रडणं तुम्ही बाजारात मांडलंसा. पुसतो म्हणला होता."

तुम्ही कपातली साय बोटानं बाजूला केलीत. मग म्हणालात, "पुसाय बसलोतो. खरंच. पर पुसताना ऐकलं. बावीस वर्सं तू माजी गाणी गायलीस पोरी. तितं पयल्यांदा तू ऐकू आलीस."

तुम्हाला वाटलं असेल, हे कौतुक आहे. त्या वाक्यानं तुम्ही माझी बावीस वर्षं एका घोटात संपवलीत. शब्द गिळू नकोस म्हणणारे तुम्हीच, गळा नको म्हणणारे तुम्हीच, आणि मी तुमचं ऐकून स्वतःला पुसत गेले तर आता म्हणता, तू ऐकूच येत नव्हतीस. मी पदर खोचला, कपबशा उचलल्या आणि मोरीत जाऊन विसळल्या. त्याच आठवड्यात वर्तमानपत्राचा एक माणूस आला. त्यानं पेन काढून सरळ मलाच विचारलं, "तुम्हाला विचारून केलं होतं का हे?" तुम्ही समोर बसला होतात. धोतराचा सोगा बोटांत फिरवत होतात, मान खाली. मी म्हणाले, "व्हय. मला विचारूनच केलंय सगळं." ते तसंच छापून आलं. तो गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "चहा ठेवतीस का?" मी ठेवला. पण त्यानंतर तुमच्यासाठी गायले नाही. रविवारी यायचे, भाजी निवडायचे, जायचे. पेटी उघडून तुम्ही वाट बघायचा, आणि मग बंद करायचा.

नंतर तुम्ही परत पेटी-तबल्याकडे वळलात. दुसरी एक मुलगी गायला आणलीत. आबा शहाणे झाले, असं जुने लोक म्हणाले. कॉलेजच्या त्या पोरी मात्र एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तसलं अजून काही केलंय का विचारून गेल्या. तुम्ही नाही म्हणालात. त्या हिरमुसल्या, हे मी आतून पाहिलं. शेवटी दवाखान्यात, हाताला सलाईन, खिडकीतून बसस्टँडचा गोंगाट, तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "ते आईचं गाणं म्हण की एकदा. नुसतं. साधं." मी म्हणाले, "घसा बसलाय, आबा." घसा बसला नव्हता. तुम्ही "बरं, गरम पाणी पी" म्हणालात आणि कूस बदललीत. चार दिवसांनी गेलात. मी खोटं बोलले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, हे लिहून ठेवते. वाईट वाटावं असं लोक म्हणतील. तुम्ही माझ्याकडून न विचारता घेतलंत. विचारून मागितलंत तेव्हा द्यायला माझ्यापाशी काही शिल्लक नव्हतं.

आता माझी मुलगी तेच गाणं फोनवर ऐकते. तिच्या मैत्रिणी ऐकतात. अजूनही एक म्हणते, हे काय, दुसरी म्हणते, गप ऐक. परवा मुलीनं विचारलं, "आई, तू कुठल्या बाजूची?" मी म्हणाले, "मी विरोधात." आणि तेच खरं आहे, मी विरोधातच आहे. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तिलाही नाही. तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही, कारण तुम्ही यातली शेवटची एकच ओळ धरून बसाल. तरी लिहिते. त्या संध्याकाळी हॉलमध्ये पहिली 'ओ' आली, तो आवाज माझा आहे हे कळायच्या आधी, दोन श्वासांपुरतं मला वाटलं होतं, कोण गं बाई ही, ही अजून ऐकायला मिळावी.