आईचे नऊ शब्द

७ सप्टें., रविवार
मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी आज आईला बसवलं. मॅडमनी सांगितलंय, स्मृतीच्या प्रयोगाला सब्जेक्ट घरातलाच घ्या, चाळिशीच्या पुढचा. अण्णा टेम्पो दुरुस्त करत बसलेत, त्याच्या खालून बाहेर यायला तयार नाहीत, म्हणून आई.
पंधरा शब्द. मी एकेक वाचायचा, संपले की आठवतील ते तिनं सांगायचे, क्रम कसाही. आई पदर सावरून ताठ बसली. म्हणाली, "नापास केलंस तर जेवाय वाढनार न्हाई."
तीन आले. शेवटचे तीन. लक्ष नसेल म्हणून दुसरी यादी वाचली. पुन्हा शेवटचेच तीन.
"कानावर येत्यात गं समदे. पर धराय गेलं की न्हाईत." मग म्हणाली, "किती आलं?"
"नऊ."
का म्हणाले कोण जाणे. खरं तर जाणते. तिचा चेहरा बघवेना.
"नऊ म्हंजी बरं हाय ना?"
"लई बरं."
तिनं एवढा मोठा श्वास सोडला की मला हसू आलं.

८ सप्टें.
वर्गात सगळ्यांचे आकडे मोठ्यानं वाचायचे होते. रेखाची आई अकरा. ती शाळेत शिकवते. बाकीच्यांचे आठ, नऊ, दहा. माझी पाळी येईस्तोवर मी मागच्या बाकावर नवं पान लिहून काढलं. तीनचे नऊ. कुठले नऊ, तेही मीच निवडले.
बरं, आकडा एकवेळ सोडा. शिक्षणाच्या रकान्यात चौथीची दहावी कशाला केली? ते तर कुणी मोठ्यानं वाचत नव्हतं.
शेवटी अंतर्निरीक्षण अहवाल, म्हणजे सब्जेक्टला काय वाटलं ते त्याच्याच शब्दांत. लिहिलं : 'सुरुवातीस थोडे दडपण आले, नंतर एकाग्रता साधली. प्रयोग रंजक वाटला.' आई जन्मात असं बोलायची नाही. मॅडमनी सही करून 'छान' लिहिलं.

१३ सप्टें., शनिवार
काष्टीचा बाजार. पितृपक्ष, गिऱ्हाईक कमीच. दुपारी आमच्या बांगड्यांच्या पालात आईशेजारी बसले.
आई कधी कुणाला बांगडीचं माप विचारत नाही. बाई समोरून चालत आली की ही हात बघूनच म्हणते, दोन-सहा. वीस वर्षं चुकलेली नाही. आज एका पोरीच्या हातात दोन-चार घुसवायला गेली, हाताला खरचटलं, रक्त आलं. "बोटं सुजल्यात हिची," म्हणाली. सुजली नव्हती.
अण्णा हसले. मीही हसले. दोघांच्या हसण्यात फरक होता, तो माझा मला ठाऊक.

१८ सप्टें.
आज फळ्यावर वक्ररेषा. यादीतले पहिले शब्द बऱ्यापैकी आठवतात, कारण मनात घोळून ते आत मुरलेले असतात. शेवटचे आठवतात, कारण ताजे. मधले गळतात. मॅडम इतकं छान समजावत होत्या आणि मी वहीच्या कडेला तीनचा आकडा लिहून खोडत होते.
तास सुटताना विचारलं, "मॅडम, पहिले एकपण आले नाहीत तर?"
"एकदा झालं तर दमणूक असेल, घाई असेल. सारखं होत असेल तर डॉक्टरला विचारायचं. आपण नाही ठरवायचं." मग म्हणाल्या, "का गं? तुझ्या आईचे तर छान आलेत."
"असंच विचारलं."
तिथंच सांगता आलं असतं. रेखा शेजारी उभी होती. एवढ्यासाठी नाही सांगितलं. रेखासाठी.

२० सप्टें., शनिवार
लिहावंसं वाटत नाही.
परवा घट बसणार, त्यामुळे बाजारात बायकांची झुंबड. लताकाकू सुनेबरोबर आल्या होत्या, सुनेला बांगड्या भरायला. आमच्याच गल्लीतल्या. काका आषाढात गेले. दहा दिवस आई त्यांच्याकडे डबा घेऊन जायची, त्यांच्याजवळ बसून असायची.
आईनं त्यांचाच हात धरला. "आगं, नवरात्र आलं, मोकळा हात बरा दिसतोय व्हय? बस." कुणाला काही उमजायच्या आत दोन हिरव्या बांगड्या वर चढल्यासुद्धा.
लताकाकूंनी हात ओढूनही घेतला नाही. नुसत्या बांगड्यांकडे बघत राहिल्या. सून ओरडली, "काकू, शुद्धीवर हाय का तुमी?"
आई माझ्याकडे बघायला लागली. काय चुकलं ते मी सांगावं म्हणून.
मी मान खाली घातली. लाज वाटली मला आईची. सगळं माहीत असून आधी लाजच वाटली.

२१ सप्टें.
अण्णा सकाळी लताकाकूंकडे माफी मागून आले. सुनेनं पाणीसुद्धा विचारलं नाही म्हणे. काकू मात्र म्हणाल्या, "आसू द्या. तिच्या मनात पाप न्हाई."
घरी येऊन अण्णा आईला नको नको ते बोलले. जिभेला हाड नाही, माणसाची कदर नाही. आईनं ऐकून घेतलं. भाकरीला हात लावला नाही.
मी म्हणाले, "अण्णा, नगरला नेऊ, डॉक्टरकडे."
"कशाला? चुकली, झालं. त्याला डॉक्टर काय करनार?"
"नेऊच."
का ते सांगितलं नाही. माझ्या वाट्याची बोलणी आई खात होती आणि मी ताटं उचलत होते.

२४ सप्टें.
नगर. बाराला नंबर लागला.
डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून होतंय असं. अण्णा म्हणाले, "ह्या शनवारीच."
आई म्हणाली, "न्हाई. उन्हाळ्यापासनं." आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो. "भाजीत मीठ दोनदा पडायचं. मानसांची नावं जायाची. कुनाला बोलले न्हाई, भ्या वाटायचं. ही म्हनली तुजी परीक्षा घेते. म्हनलं बरं झालं, कळंल तरी. तर पंधरात नऊ आलं. मंग म्हनलं, उगंच भ्याले. ही शिकती ना त्येच, सायेब."
अभिमानानं सांगत होती.
डॉक्टर माझ्याकडे वळले. "कधी घेतली ही चाचणी?"
"सात तारखेला."
"अडीच आठवड्यांत एवढा फरक? मग मला वेगळा विचार करावा लागेल. नक्की नऊ?"
अण्णा बघत होते.
"तीन," मी म्हणाले. "दोनदा घेतली. दोन्ही वेळा तीनच. मी खोटं सांगितलं."
अण्णांनी मान दुसरीकडे फिरवली. रागावले असते तर बरं झालं असतं.
आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टरांकडे बघून हसली.
"घाबरलीय प्वार. नऊच आलं हुतं. मला चांगलं ध्यानात हाय."
डॉक्टरांनी कागदावर एक आकडा लिहिला. कुठला, ते मला दिसलं नाही. मंगळवारी पुन्हा बोलावलंय.