तांदळातला ‘ग’ कुणाचा?

अहो,

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कुंभकोणमला निघाले, दोन दिवसांनी येईन. हरिताचा ‘ग’ अर्ध्यावर आहे. खंड पडला तर पोर विसरेल.

“तंजावुरात देवनागरी शिकून कुणाचं भलं झालं? मला तर एक अक्षर येत नाही,” असं तुम्ही म्हणता. मग काल हरिता माझ्यासोबत बाजारात असताना तिच्या ताटातल्या तांदळात एवढा थोरला ‘ग’ कुणी गिरवला? आणि तिची अक्षरांची कार्डं, ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत, तुमच्या ऑफिसच्या बॅगेत कशी गेली?

आजवर तुम्हाला चिठ्ठ्या तमिळमध्ये लिहिल्या, ही मुद्दाम मराठीत. संध्याकाळी तिच्याजवळ बसा. “गवतात गाय, गाईला गूळ” म्हणत गिरवून घ्या. लेकीसोबत शिकायला लाज कसली?

हे वाचता आलं नाही, तर तसं खाली लिहून ठेवा.

अंबुजा