तिला ते घर आवडलं होतं

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. पण लिहिताना निदान आवाज कापत नाही. तब्येत ठीक आहे. जेवतो, ऑफिसला जातो, दाढीही करतो. भाऊजींना सांग, त्यांच्या सल्ल्याप्रमाणे रोज चालतोही. कुठे पोहोचतो ते मात्र विचारू नका.

घराचं विचारलं होतंस. शुक्रवारी करारावर सही व्हायची होती. उतारावरचं, बाहेरून जिना असलेलं, तेच. ही आजारी पडायच्या आधी आम्ही दोघांनी पाहिलेलं. हिला ते फार आवडलं होतं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तुलाही. ही गेल्यावर एवढं एक पुरं करायचं, बाकी डोक्यात काही नव्हतं.

घर दाखवणारा एजंट मोठा गोडबोल्या. पण ही गेली तेव्हा भेटायला आला आणि एक शब्द न बोलता बसून राहिला. पुढे दर रविवारी त्या रिकाम्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवू लागला. मी जायचो आणि फरशीवर नुसता बसायचो. रडू यायचं नाही, काहीच यायचं नाही. एकदा त्याला म्हणालो, भिंती पडल्या तरी मी हेच घर घेणार. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, हा आपला माणूस.

भाऊजी कधीचे मागे लागले होते, स्वतःचा वकील कर म्हणून. त्यांचं मन राखायला गेलो. वकीलबाई कडक आहेत, समोरच्याला चहासुद्धा विचारत नाहीत. कागद वाचून झाल्यावर त्या घर बघायलाच आल्या. मागच्या खोलीत भिंतीवर नखानं थोडं खरवडलं तर नव्या रंगाखाली ओल. मी म्हणालो, एजंटशी बोलतो, तो आपलाच आहे.

"त्याला मालकानं नेमलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही ज्याच्यापाशी मन मोकळं केलंत, तो समोरच्याचा माणूस आहे."

मालकानं ओलीची दुरुस्ती न करता नुसता वरून रंग का मारला ते तेव्हा कळलं. भिंती पडल्या तरी घेणार, हे त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. गोडबोल्या आपलं काम करत होता, इतकंच वाटलं.

मग बाईंनी विचारलं, "तुमच्या वतीनं मी बोलायचं, तर तुम्हाला नक्की काय हवंय?" मी नेहमीचं उत्तर दिलं, की हिला हे घर आवडलं होतं. "काय आवडलं होतं त्यांना?"

ताई, मला एकही गोष्ट सांगता येईना. त्या दिवशी ही घरभर फिरली, खिडक्या उघडून पाहिल्या, पुन्हा लावल्या. जिना उतरताना म्हणाली, "तुला हवं असेल तर घेऊ. मला इथे कोंडल्यासारखं होतंय." यावर नीट बोलू म्हणत होतो, तोवर दवाखाना सुरू झाला. पुढे ही गेली, आणि हिला काहीतरी हवं होतं, जे मी अजून देऊ शकतो, याची मला इतकी गरज होती की ते वाक्य मी बाजूला सारलं. सहा महिने हिच्या तोंडून मीच बोलत होतो.

हे सगळं मी बाईंना उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी फाईल मिटली.

"मग दोघांच्या वतीनं नाही म्हणून कळवते," म्हणाल्या.

मी मान डोलावली आणि जिन्यावर बसलो. बाईही शेजारच्या पायरीवर बसल्या, घड्याळ न बघता. तिथे मला पहिल्यांदा रडू आलं. फार नाही.

किल्ली परत केली. आता रविवारी कुठे जायचं कळत नाही. हिचं कपाट मी अजून उघडलेलं नाही, आणि एकट्यानं उघडणार नाही. तू ये. समजूत घालू नकोस, फक्त ये.

आजवर पत्राच्या खाली 'आम्ही दोघं' लिहीत आलो. आत्ताही तेच लिहिलं होतं. मग खोडलं.

तुझा,
मी