केसपेपरावरच्या 'काळीज' या शब्दाच्या दुरुस्तीबाबत

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक,
नवचेतना सार्वजनिक रुग्णालय,
म्हापसा, गोवा.

दिनांक : २ जुलै २०१२

विषय : रुग्ण सुमंगला सगुण कोरखणकर (वय ६१) यांच्या केसपेपरावर चुकीने पडलेली 'हृदयात तीन ब्लॉक' ही नोंद रद्द करून यकृताच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळणेबाबत.

संदर्भ : माझे दि. १३ जून व २० जूनचे अर्ज. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

१. मी चंद्रावती गुरुदास कोरखणकर, वय ७४, राहणार पार्से, तालुका पेडणे. सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त शिक्षिका. रुग्ण सुमंगला ही माझी नणंद. तिचे लग्न झाले नाही. माझे यजमान वारल्यापासून घरात आम्ही दोघीच आहोत. मी लग्न होऊन साखळीहून पार्श्याला आले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तिला वाचायला मीच शिकवले. हे अर्जात लिहायचे कारण पुढे कळेल.

२. गेल्या वर्षी ऑक्टोबरात तिला शौचातून रक्त जाऊ लागले. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. नोव्हेंबरात आपल्याच रुग्णालयात डॉ. कृष्णनाथ यांनी आतड्याचा तो भाग काढला. रोग यकृतात पोचला असून तिथे तीन गाठी आहेत, हे त्याच वेळी कळले. मग जानेवारीपासून सलाईनमधून औषधाच्या सहा फेऱ्या झाल्या, शेवटची २६ एप्रिलला. त्या औषधाने तिची बोटे बधिर झाली. विहिरीच्या पाण्याला हात लावला की विंचू चावल्यासारखे होते, म्हणून मी तिला पिण्याचे पाणीही कोमट करून देते. पण ८ मेच्या तपासणीत तिन्ही गाठी आकसलेल्या दिसल्या, आणि तिन्ही यकृताच्या उजव्या बाजूलाच होत्या.

३. डॉ. कृष्णनाथांनी आम्हा दोघींना समोर बसवून कागदावर यकृताचे चित्र काढले. उजवा भाग कापून काढता येईल आणि उरलेला डावा भाग काही आठवड्यांत वाढून भरून येईल, असे ते म्हणाले. सुमंगलाचा जन्म काजूच्या डोंगरावर गेला. ती हसून म्हणाली, "म्हणजे काजू छाटल्यासारखां." डॉक्टरही हसले. मग गंभीर होऊन त्यांनी बजावले की औषधाच्या शेवटच्या फेरीपासून आठ आठवड्यांच्या आत हे व्हायला हवे. त्यापुढे गाठी पुन्हा डोके वर काढतील आणि डाव्या बाजूला एक जरी गेली तर सुरी लावण्यात अर्थ राहणार नाही. त्यांनी ४ जून ही तारीख दिली. आठ आठवडे २१ जूनला संपले, हे मी आपल्या नजरेस आणते.

४. आता चूक कुठे झाली ते लिहिते. ती माझी आहे.

'यकृत' हा शब्द सुमंगलाला पहिल्या दिवशी कळला नव्हता. डॉ. कृष्णनाथ सावंतवाडीकडचे. त्यांनी लगेच सांगितले, "यकृत म्हणजे काळीज." ते बरोबरच होते. बकरा कापला की आमच्या घरात काळीज वेगळे शिजवतात, ते यकृतच. मी तीस वर्षे वर्गात हेच शिकवले. मुले 'काळीज धडधडले' असे लिहीत, तेव्हा मी तांबड्या शाईने विचारी की बाळा, यकृत धडधडते का? मुले हसत. मला त्याचा अभिमान होता.

३० मे रोजी भरतीचा अर्ज भरायला भाग्यलक्ष्मी नावाच्या परिचारिका बसल्या. मुलगी मऊ बोलणारी, दक्षिण गोव्याकडची, घरी कोंकणी बोलणारी. जुने कागद रेकॉर्डमधून यायचे होते, म्हणून त्या विचारून भरत होत्या. त्यांनी विचारले, "आज्जी, आनीक कितें दुयेंस आसा तांकां?", म्हणजे आणखी काय आजार आहे. मी म्हणाले, रोग काळजात गेला आहे, तीन गाठी आहेत. यकृत हा शब्द मला येत होता. मुलीला समजावे म्हणून मी सोपा घेतला. कोंकणीत काळीज म्हणजे हृदय. काळजात तीन गाठी म्हणजे त्यांच्या लेखी हृदयात तीन ब्लॉक, आणि इंग्रजीत त्यांनी तसेच लिहिले. मी समोर बसले होते. कागद उलटा होता म्हणून वाचला नाही, एवढेच.

५. ४ जूनला सकाळी सुमंगलाला हिरवे कपडे घालून न्यायला आले आणि दारातूनच परत फिरवले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी केसपेपर वाचून सांगितले की असे हृदय सहा तासांची भूल सोसणार नाही. दोन दिवसांनी, चूक कुठे झाली हे आम्हाला उमगण्याआधीच, डॉ. कृष्णनाथांची आपल्याकडची मुदत संपली व ते गेले. नवीन सर्जन नोंदणीच्या खिडकीवरून आत आलेलेच कागद पाहतात, आणि हृदयाच्या नोंदीमुळे तांबडी पट्टी लागलेला केसपेपर खिडकी आत सोडत नाही.

६. ११ जूनला हृदयविभागात सोनोग्राफी झाली. हृदय उत्तम आहे असा दाखला मिळाला. तो घेऊन मी खिडकीवर गेले. तिथले गृहस्थ सभ्य आहेत. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारले की मग तीन ब्लॉक गेले कुठे? एकतर ते असल्याचा जुना अहवाल आणा, नाहीतर ते काढल्याचा दाखला आणा. मी हृदयाच्या डॉक्टरांकडे परत गेले. त्यांचे म्हणणे असे की हृदय चांगले आहे हे मी दहा वेळा लिहीन. पण जे नव्हतेच ते बरे झाले, असे लिहून सही कशी करू? त्यांचेही बरोबर आहे.

७. रेकॉर्ड विभागाचा नियम आहे की हाताने केलेली नोंद जिने केली तिनेच खोडावी. भाग्यलक्ष्मीबाई ५ जूनपासून बाळंतपणाच्या रजेवर आहेत. तीन बसगाड्या बदलून मी केप्याला त्यांच्या माहेरी गेले. त्या नुकत्याच बाळंत झाल्या होत्या, तरी उठून बसल्या. सगळे ऐकून रडल्या आणि पाळण्याशेजारी बसून चूक झाल्याचे पत्र लिहून दिले. मी त्यांना म्हटले की शब्द माझा होता. रेकॉर्ड विभागाने पत्र वाचले व परत केले. रजेवरील व्यक्तीची सही चालत नाही. त्या डिसेंबरात रुजू होतील.

८. महोदय, मला जुने आठवते, आणि या वयात ते नको तितके आठवते. पोर्तुगीज अमलात माझे काका पांडुरंग यांना डिचोलीच्या कचेरीतल्या लेखनिकाने मृत लिहिले होते. त्याच नावाचा दुसरा कोणी गेला होता. काका सतरा वर्षे कागदावर मेलेले राहिले. त्यांना ना परवाना, ना साक्ष. माझी आजी म्हणे, "कागदार पडलां तां कपाळार पडलां." मुक्तीनंतर, १९६२ साली, नवे मामलेदार आले. त्यांनी माझ्या वडिलांचा अर्ज उभ्याउभ्या वाचला, तांबडी शाई मागवली आणि एका रेघेत काकांना जिवंत केले. त्या दिवशी साखळीच्या आमच्या घरी बुंदी वाटली. सरकार म्हणजे काय, हे मला त्या रेघेत कळले, आणि म्हणून मी सरकारी शाळेत शिक्षिका झाले.

काका त्याच वर्षी दसऱ्याला तापाने गेले. वडील दुरुस्तीचा कागद घडी करून पेटीत ठेवताना म्हणाले होते की आता हा पुन्हा दुरुस्त करायला जावे लागेल. तेव्हा मी हसले होते.

९. गेले पंधरा दिवस सुमंगला उजव्या बरगडीखाली हात ठेवून बसते. पेज अर्धी टाकते. शनिवारी मला तिच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला. अंगणात उजेडात नेऊन पाहिले तेव्हा नव्हता. घरात आल्यावर पुन्हा दिसला. मी तिला सांगितलेले नाही. पण तिला वाचायला मी शिकवले असल्याने ती माझा चेहराही वाचते. काल ती म्हणाली, "वयनी, माझां काळीज बरां आसा असां सगळी सांगतत. मगे माका घराक कित्याक धाडतत?" त्यात तिने काळीज शब्द कोणत्या अर्थी वापरला, हे मला विचारवले नाही.

१०. ८ मेची तपासणी जुनी झाली म्हणून २२ जूनला पुन्हा स्कॅन झाले. त्याचे पाकीट आमच्या हाती दिले आहे, सर्जनने उघडावे म्हणून. खिडकी ते घेत नाही, कारण वरील नोंद मिटल्याशिवाय या केसपेपरात नवा कागद लावता येत नाही. दहा दिवस ते देवाच्या फळीवर आहे. सुमंगला रोज त्यावरची धूळ पुसते. मला इंग्रजी वाचता येते, म्हणूनच मी ते उघडलेले नाही.

११. तरी माझी विनंती अशी :

(अ) सदर नोंद आपल्या अधिकारात एका रेघेने रद्द करावी.

(आ) नियमात ते बसत नसल्यास, नोंद तशीच ठेवून तिच्याखाली असे लिहावे : 'काळीज म्हणजे यकृत. हा शब्द शिक्षिका चंद्रावती कोरखणकर यांनी दिला. दोष त्यांचा.' मी तिथे सही करीन. माझ्या शब्दाने माणूस अडले, हे माझ्या नावासह कागदावर राहिले तरी चालेल.

(इ) सोबतचे पाकीट नवीन सर्जनने या आठवड्यात उघडावे. आत काय आहे ते आपण बदलू शकत नाही, हे मी जाणते. ते दहा दिवसांपूर्वी उघडले गेले असते तर काय झाले असते, हे मात्र कोणी मला सांगू नये.

१२. सुमंगलाला मी आज भर दुपारी हा अर्ज वाचून दाखवला, नववे कलमही न गाळता. तिने एकच दुरुस्ती सुचवली. मी 'रुग्ण' लिहिले होते तिथे सगळीकडे 'सुमंगला' करायला सांगितले. जिथे जमले तिथे केले आहे.

पूर्वीच्या दोन अर्जांना उत्तर आले नाही, म्हणून याच्या उत्तराची वाट घरी बसून पाहणार नाही. बुधवारी, ४ जुलैला, सकाळी पार्श्याहून पहिल्या बसने सुमंगलाला घेऊन येते व आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसते.

आपली नम्र,
चंद्रावती गुरुदास कोरखणकर
(सही)

सोबत :
१. डॉ. कृष्णनाथ यांचे ८ मेचे टिपण व त्यांनी काढलेले यकृताचे चित्र.
२. हृदय उत्तम असल्याचा ११ जूनचा दाखला.
३. भाग्यलक्ष्मीबाईंचे पत्र (परत आलेले).
४. पांडुरंगकाका जिवंत असल्याबद्दल डिचोलीच्या कचेरीतील १९६२च्या हुकमाची नक्कल. संबंध नाही, पण तांबडी रेघ कशी असते ते दिसावे म्हणून.
५. २२ जूनच्या स्कॅनचे पाकीट. बंद.