बर्फातली बाटली

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. आज वर्गात शिकवलं, की शरीरात एखाद्या जागी रक्त पोचेनासं झालं की तिथे आम्ल साठतं, आणि मज्जापेशींच्या भिंतीत अशा बारीक वाहिन्या असतात की त्या ते आम्ल ओळखून उघडतात. मुलांनी निमूट लिहून घेतलं. माझा खडू मात्र हातातच राहिला, कारण हेच तुम्ही ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत, कॉलेजच्या त्या कोंदट प्रयोगशाळेत म्हणत होतात आणि ऐकायला मी, तुमची मदतनीस, एकटी होते.

आरे-वारेच्या खडकांतून समुद्री गोगलगायी आणायच्या, मज्जापेशीत काचेची सुई टोचायची, तिच्यावर आधी साधं खारं पाणी सोडायचं, मग किंचित आम्ल घातलेलं. आम्ल लागलं की पेशीतली वीज दाखवणाऱ्या पडद्यावरची रेघ उसळायची. दोन वर्षं उसळली. तुमचा निबंध पुण्याच्या परिषदेनं स्वीकारला. आमच्यासारख्या कॉलेजातून कोण जातंय तिथे! तुम्ही नवी साडीसुद्धा घेतलीत. निघायच्या आदल्या दुपारी तुम्ही प्रयोग शेवटचा बघायला येता, आम्लाची बाटली उचलता आणि थबकता. "ही एवढी गार कशी गो?" मी सांगते, फ्रिज बंद पडल्यापासून गोगलगायींसाठी मिरकरवाडा बंदरातून बर्फ येतो ना, त्याच खोक्यात ठेवते, उकाड्यात खराब व्हायला नको. आपल्याकडे नासेलसं वाटलं की बर्फात, मासळी काय नि औषध काय. आणि साधं पाणी? ते टेबलावर. तुमचा चेहरा उतरतो. मलाही तेव्हाच उमगतं. रेघ आम्लानं उसळली की गारठ्यानं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"डोकं घरी ठेवून येतेस होय? माझी दोन वर्षं मातीत घातलीस," शिपायासमोर म्हणालात. मग पोस्टात जाऊन तार केलीत आणि निबंध मागे घेतलात. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. दोन वर्षांत तुम्ही एकदा तरी त्या बाटलीला हात लावला होतात का? हे विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून जास्तच चिडले.

तुम्ही आठ दिवस रजेवर गेलात. मी हट्टानं दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या, दोन्हींत थर्मामीटर घालून पाहिला आणि प्रयोग पुन्हा केला. रेघ उसळली. पूर्वीपेक्षा कमी, पण उसळली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. तुम्ही परत आलात तेव्हा ती वही माझ्या पिशवीत होती. म्हटलं, आधी बाईंनी दोन शब्द नीट बोलावेत, मग दाखवते. तुम्ही थेट यंत्रांच्या कपाटाला कुलूप लावलंत आणि निवृत्त होईपर्यंत पहिल्या वर्षाला बेडूक शिकवलात. पुढे परदेशात कुणीकुणी त्या वाहिन्या शोधून काढल्या, तोवर तुम्ही गेला होतात.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. आणि असता, तरी माझ्या हातून ते पेटीत पडलं असतं का, शंकाच आहे. बाई, तुमचं बरोबर होतं. ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं, आणि तुम्हाला शिक्षा म्हणून मी ते सांगितलं नाही.